पाठीवरचा मजकूर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दुसऱ्याच्या धर्माला हिणवणारा मजकूर छापलेला टी-शर्ट घालून एखादे मूल शाळेत येते, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा त्यालाच विचारला जातो : ‘हे तुला कोणी घालायला सांगितलं?’ हा प्रश्न विचारू नये, एवढे सांगण्यासाठी हे पत्र. आठ वर्षांच्या मुलाकडे त्याची दोनच उत्तरे असतात. ‘बाबांनी’ म्हटले तर वडिलांची चहाडी केल्यासारखे होते, ‘मीच’ म्हटले तर अपराध कबूल केल्यासारखे. आणि खरी गोष्ट अशी की, उत्तर काहीही आले तरी शाळेने पुढे करायचे ते तेच असते.

पालकांचा प्रभाव हा स्वतंत्र गुन्हा धरता येत नाही, हे आधी मान्य करावे लागते. अमेरिकेतल्या ‘टिंकर’ खटल्यातली मुले डिसेंबर 1965 मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेली. ठरले होते ते एका घरी, मोठी माणसे आणि मुले यांच्या बैठकीत. टिंकर कुटुंबातली 11 आणि 8 वर्षांची धाकटी भावंडेही फिती लावून गेली होती. न्यायमूर्ती ब्लॅक यांनी आपल्या भिन्नमतात या वयांकडे मुद्दाम बोट दाखवले. तरीही 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे केरळच्या बिजो इमॅन्युएल खटल्यात राष्ट्रगीताला आदराने उभी राहणारी, पण धर्मश्रद्धेमुळे ते न गाणारी तीन भावंडे शाळेतून काढली गेली होती. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. ती श्रद्धाही घरूनच आलेली होती. मुलांचे विचार घरातून येतात म्हणून बाद करायचे ठरवले, तर चांगले-वाईट सगळेच बाद होतील.

मग बघायचे काय? कापडावरचा मजकूर आणि त्याचा वर्गावर होणारा परिणाम. यासाठी अमेरिकेतलीच दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहावीत. ऑगस्ट 2009 मध्ये फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल येथे एका चर्चच्या सभासदांची मुले टी-शर्ट घालून वेगवेगळ्या शाळांत गेली, त्यांत प्राथमिक शाळेतले मूलही होते. पुढच्या बाजूला बायबलचे वचन होते, ‘मीच मार्ग, मीच सत्य, मीच जीवन’ या आशयाचे. पाठीवर होते, ‘इस्लाम सैतानाचा आहे.’ शाळांनी हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेले आणि 2011 मध्ये न्यायालयाने शाळेची बाजू उचलून धरली. ओहायोतल्या एका शाळेतल्या मुलाच्या शर्टावर समोर तेच वचन होते. पाठीवर समलैंगिकता पाप, इस्लाम खोटा, गर्भपात खून, अशी ओळ होती. तिथे 2005 मध्ये न्यायालयाने मुलाला शर्ट घालू दिला, कारण त्या शर्टामुळे शाळेत काही गडबड झाल्याचे शाळेला दाखवता आले नाही. पुढचे वचन तेच, पाठही जवळजवळ सारखी, निकाल मात्र उलट. निकाल पटो न पटो, मुख्याध्यापकांनी त्यातून एक गोष्ट घ्यावी : घडलेले त्याच दिवशी लिहून ठेवलेले नसेल, तर नंतर कितीही तळमळीने सांगितले तरी उपयोग होत नाही.

नोंद म्हणजे ‘आक्षेपार्ह कपडे’ असे दोन शब्द नव्हेत. मजकूर शब्दशः, कोणत्या भाषेत, पुढे की मागे, चित्र असल्यास काय, किती वाजता, कोणाच्या लक्षात आले, कोणत्या मुलाने काय म्हटले, कोणी जागा बदलून मागितली, तास थांबला का आणि थांबला तर किती मिनिटे. फोटो घ्यायचाच असेल तर शर्ट उतरवल्यावर, टेबलावर पसरून, फक्त कापडाचा. अंगात शर्ट असलेल्या मुलाचा फोटो काढला की संध्याकाळपर्यंत तो पालकांच्या ग्रुपवर फिरतो, आणि मग शाळेचे सगळे बरोबर असूनही शाळाच आरोपी होते.

शर्ट बदलायला सांगायची जागा वर्ग नव्हे. ‘वर्गातच उलटा करून घाल’ हा सर्रास दिला जाणारा आदेश तर सर्वांत वाईट. मुलाला चारचौघांत कपडे काढावे लागतात, पातळ कापडातून ठळक छपाई उलटी का होईना दिसतेच, आणि मागे शिवणी घेऊन फिरणारे पोर दिवसभर हसण्याचा विषय होते. ऑफिसात तीन-चार मापांचे साधे, कोरे शर्ट धुऊन ठेवलेले असावेत. चिखलात पडलेल्या, उलटी झालेल्या मुलांनाही तेच दिले जातात, म्हणून ते शिक्षेचा गणवेश वाटत नाहीत. शिपायाकरवी नव्हे, तर मुलाच्या ओळखीच्या शिक्षकाने त्याला बोलवावे, एकट्याला स्वच्छतागृहात बदलू द्यावे आणि पुढच्या तासाला वर्गात पाठवावे. मुलाने नकार दिला तर ओढाताण नको. त्याला ऑफिसात अभ्यासाला बसवून पालकांची वाट पाहावी. त्या दिवशी परीक्षा असेल तर पेपर तिथेच लिहू द्यावा. शिक्षणहक्क कायद्याचे कलम 17 शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी करते, आणि कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. मूल तडकाफडकी घरी पाठवणे तर टाळावेच. मुद्दाम शर्ट घालून पाठवणाऱ्या पालकाला बहुतेक वेळा तेच हवे असते, आणि फाटकाबाहेर मोबाइल तयार असतो.

पालकांना निरोप मुलाच्या दप्तरातून पाठवू नये. एक निरोप त्याने अंगावर वागवलाच आहे, दुसऱ्याचे ओझे कशाला? त्याच दिवशी फोन करावा, मुलाला समोर न बसवता भेटावे, शर्ट पाकिटात घालून सही घेऊन परत द्यावा. शर्ट ‘जप्त’ करण्याचा मोह अनेकांना होतो. मग भांडण मजकुरावरून सरकून ‘आमची वस्तू द्या’ यावर येते. भेटीत धर्मावर चर्चा करायची नसते. शाळेचा नियम, त्यातले नेमके वाक्य, शर्टावरचे नेमके वाक्य, एवढेच तीन कागद समोर ठेवावेत. ‘आमच्या मुलाने स्वतःच निवडला’ असे पालक म्हणाले तर तेही मान्य करावे, नियम तोच राहतो. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे कलम 14 पालकांना मुलाच्या धर्माबाबत मार्गदर्शनाचा हक्क देते, मात्र मुलाच्या वाढत्या समजेला धरून. शेजारच्या बाकावरच्या मुलाला सैतान ठरवण्याचा हक्क त्यात येत नाही.

अर्थात हे सगळे जमते ते नियम आधीपासून असेल तरच. शर्ट दिसल्यावर त्या सकाळी काढलेली सूचना कुठेच टिकत नाही, आणि घाईत ‘सर्व धार्मिक चिन्हांना बंदी’ असे लिहिले जाते. त्यात गळ्यातला क्रूस, डोक्यावरचा रुमाल, कपाळावरचे गंध, मनगटातले कडे सगळेच अडकते आणि ज्यांनी कोणाला काही म्हटलेले नाही अशी मुले भरडली जातात. नियम एवढाच पुरे : दुसऱ्या धर्माला, जातीला किंवा समूहाला तुच्छ लेखणारे, धमकावणारे अथवा शिवी देणारे शब्द किंवा चित्र कपड्यावर, दप्तरावर, वहीच्या कव्हरावर चालणार नाही, स्वतःच्या श्रद्धेचे चिन्ह किंवा वचन चालेल. ‘माझाच देव खरा’ ही ओळ बोचते, पण या नियमाच्या बंदीत येत नाही, तिला हात लावू नये. जिथे गणवेश काटेकोर आहे तिथेही हा नियम लागतो, कारण तिथे मजकूर दप्तरावरच्या स्टिकरवर येतो.

खरी अडचण शब्द निरुपद्रवी आणि वापर मात्र आव्हानाचा असतो तेव्हा येते. एरवी सणाला घातले जाणारे उपरणे एकाच सकाळी वीस मुलांच्या गळ्यात दिसले, तर ते कशाचे उत्तर आहे हे शिपायालाही कळते. 2022 च्या सुरुवातीला कर्नाटकात हिजाबच्या विरोधात भगवी उपरणी आली तेव्हा हेच झाले. पुढे हिजाबबंदीच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींतही 13 ऑक्टोबर 2022 रोजी एकमत झाले नाही. रोजच्या सवयीने घातलेली वस्तू आणि कोणाला तरी दाखवायला घातलेली वस्तू एकाच तराजूत तोलू नये, असे आमचे मत. त्यासाठी मागच्या महिन्याभरात ते मूल काय घालत होते, हे वर्गशिक्षकाला विचारले की पुरते.

या सगळ्या धावपळीत एक मूल विसरले जाते : ज्याच्या धर्माविषयी तो मजकूर होता ते. त्याला ऑफिसात बोलावून ‘तुला वाईट वाटलं का’ असे विचारू नये, ते सगळ्यांसमोर वेगळे पडते. वर्गशिक्षकाने मधल्या सुट्टीत सहज शेजारी बसावे, आणि त्याच्या घरीही फोन करावा, कारण ती बातमी त्या घरी शाळेआधी पोचलेली असते. दुसऱ्या दिवशी पहिले मूल साध्या कपड्यांत आले की कोणी काही बोलू नये. ‘शाबास’ तर मुळीच नको. ती शाबासकी घरी जाऊन सांगितली जाते.

आपले,
शालेय शिस्त व समुपदेशनाचे काम पाहणारे काही शिक्षक