चुंबकाच्या मशीनआधी तालुक्याला फिजिओ द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

माझ्या आईनं निपाणीत ३५ वर्षं विड्या वळल्या. गेल्या वर्षी तिला लकवा मारला आणि उजवा हात गेला. अजून दुपारी सूप मांडीवर घेऊन बसते, डाव्या हातानं तेंदूचं पान उजव्या तळहातावर ठेवते आणि अंगठा त्यावर आणायला बघते, अंगठा थोडा हलतो पण पानापर्यंत पोचत नाही, पान घसरतं, ती परत उचलते.

डोक्याला चुंबक लावून लकवा बरा करतात असं कुणीतरी सांगितलं म्हणून तिला एका सेंटरला नेलं. दहा मिनिटांत पॅकेजचा आकडा सांगितला, व्यायामाचं विचारलं तर म्हणे त्याची गरज नाही, आणि सहीसाठी जो कागद पुढं केला तो सगळा इंग्रजीत. सही न करता परत आलो. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो.

मशीन खोटं नाही. १९८५ साली इंग्लंडात शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सोबत्यांनी डोक्यावर कॉइल धरून माणसाचा हात हलवून दाखवला. कॉइलमधनं क्षणभर जोराचा करंट सोडला की चुंबकाचा झोत कवटीतनं आत जातो आणि मेंदूत बारीक करंट उठतो, भूल नाही की कापाकापी नाही. लकव्यात विचार असा की मेंदूची चांगली बाजू दुबळ्या बाजूला दाबून ठेवते, म्हणून चांगल्या बाजूला सेकंदाला एक असे सावकाश ठोके देऊन तिला शांत करायचं. २०२० मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी लकव्यानंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत हातासाठी या पद्धतीला पुराव्याचा सगळ्यात वरचा दर्जा दिलाय.

पण २०१८ ला अमेरिकेतली एक मोठी चाचणी छापून आली, १९९ पेशंट, लकवा होऊन तीन महिने ते वर्ष झालेले. काहींना खरे ठोके, काहींना नुसता आवाज, आणि हाताचा व्यायाम मात्र सगळ्यांना. दोन्हीकडं साधारण तीनातले दोघं सुधारले, फरक पडलाच नाही. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो, कारण आईला जे कधी नीट मिळालंच नाही ते म्हणजे व्यायाम. आता संशोधन पण तिकडंच वळलंय, ठोके दिल्यावर लगेच व्यायाम, सोबत रोबोट, मेंदूचे सिग्नल बघून ठोक्याची वेळ धरणं, कुणाला फायदा होईल ते आधी ओळखणं. तीन मिनिटांत आटपणारे थीटा बर्स्ट, म्हणजे झुपक्याझुपक्यानं भराभर दिलेले ठोके पण आलेत.

बंगळूरच्या निम्हान्स या मेंदूच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात ही सोय आहे, पण इथनं ते पाचशे किलोमीटरच्या पुढं, हात लुळा पडलेल्या म्हातारीला रोज कोण नेणार. माझं मागणं साधं आहे. खानापूर, चिकोडी, निपाणी, हुक्केरी, प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लकव्याच्या पेशंटला रोज वेळ देणारा फिजिओ पाहिजे, मशीन त्याच्यानंतर. आणि जिथं मशीन आहे तिथं सहीचा कागद मराठीत आणि कन्नडात द्या. डोक्यात धातूची क्लिप आहे का, कधी फिट आली होती का, हे सही घ्यायच्या आधी विचारलंच पाहिजे. आईला एकदाही विचारलं नाही, तिला लहानपणी फिट यायच्या.

आपला,
एक वाचक, निपाणी