बेस वाढवून संवाद ऐकू येत नाहीत

माननीय संपादक,

दिवाळी आटोपली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, नाटकांचा हंगाम लागतो. वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, अर्जुनी मोरगावकडे धान निघून मोकळ्या झालेल्या बांधीत कनाती उभ्या राहतात आणि पुढे कित्येक आठवडे रात्र रात्र प्रयोग चालतात. बयाना देताना मंडळाचे दोनच प्रश्न असतात: बेस (खालच्या सुरांचे स्पीकर) किती आणता आणि मशीन (ॲम्प्लिफायर) किती वॅटचे? मग प्रयोगाच्या रात्री गाणे छातीत धडकते, पण नायक ‘साप’ म्हणाला की ‘बाप’, हे शेवटच्या रांगेतल्याला कळत नाही. ओरड झाली की ऑपरेटर आवाज आणखी चढवतो. पुष्कळदा दोष वॅटमध्ये नसतोच. मशीनच्या पाठीवर नखाने सरकवायचा जो लहानसा खटका असतो, त्यात तो असतो.

हा खटका मशीनमधल्या क्रॉसओव्हरचा, म्हणजे खालचे आणि वरचे सूर वेगळे करणाऱ्या फिल्टरचा. त्याच्या तीन जागा: फुल, लो पास आणि हाय पास. फुलवर आलेला आवाज जसाच्या तसा पुढे जातो, लो पासवर फक्त बेस बिनचा (बेसच्या खोक्याचा), हाय पासवर फक्त टॉपचा (वरच्या सुरांच्या स्पीकरचा). पुष्कळ मशीनमध्ये ही वाटणी १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० कंपनांच्या) आसपास पक्की केलेली असते, काहींत नॉबने फिरवता येते. इथवर सगळे सोपे आहे. घोळ पुढे होतो. रॅकमध्ये वेगळा क्रॉसओव्हर किंवा डिजिटल प्रोसेसर असतो, तो १०० वर कापून देतो, आणि मशीनचा खटकाही लो पासवरच राहिलेला असतो. एकाच कापडाला दोनदा कात्री लागते.

रॅकमधला क्रॉसओव्हर बहुधा २४ डीबीचा (दर ऑक्टेव्हला, म्हणजे वारंवारता दुप्पट झाली की, २४ डेसिबलने उतरवणारा) लिंकविट्झ-रायली पद्धतीचा असतो. त्यात १०० हर्ट्झवर बेस ६ डीबीने उतरलेला असतो आणि टॉपही ६ डीबीनेच. दोघांची चाल एकच असल्याने हवेत ते मिळून पूर्ण भरतात. त्यावर मशीनचा १२ डीबीचा फिल्टर चढला की बेस तिथे आणखी ३ डीबी खाली जातो आणि त्याची फेज (लाटेची चाल) पाव फेरा मागे पडते. आता टॉप पुढे आणि बेस मागे. दोघांच्या जोडावर खड्डा पडतो आणि पुरुषी आवाजाचा भरीवपणा नेमका तिथेच असतो. खड्डा भरायला ऑपरेटर बेसचा नॉब फिरवतो. वाढते ते ५०-६० हर्ट्झचे गुरगुरणे, १०० चा खड्डा तसाच राहतो. त्या गुरगुरण्याखाली संवाद दबतो.

हे कानाने पकडणे कठीण, मीटरने सोपे. स्पीकरच्या तारा काढा. मोबाइलवरून ५० हर्ट्झचा सूर सोडा आणि बेसच्या मशीनच्या आउटपुटवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून १० व्होल्ट येईल इतका आवाज ठेवा. कोणताही नॉब न हलवता सूर १०० हर्ट्झचा करा. क्रॉसओव्हर १०० वर असेल आणि एकटाच काम करत असेल, तर मीटर सव्वापाचच्या आसपास येईल. ७ च्या थोडे वर आले तर फिल्टर बटरवर्थ या दुसऱ्या पद्धतीचा आहे. ४ वर घसरले तर साखळीत कुठेतरी दुसरा फिल्टर लपला आहे, तो शोधा. मशीनचा खटका, मिक्सरचा सब आउट आणि आतच मशीन असलेल्या (पॉवर्ड) टॉपमधून बेसकडे दिलेली लाइन या तीन जागा आधी पाहाव्यात.

वेगळा क्रॉसओव्हर असेल तर सगळ्या मशीनचे खटके फुलवर, नसेल तरच मशीनचा फिल्टर वापरायचा. जागा ठरली की खटक्यावर चिकटपट्टी लावा, कारण टेम्पोत चढवता-उतरवताना तो सरकतो. मशीनचे ए आणि बी हे दोन चॅनल पॅरललवर (एकच इनपुट दोघांना) टाकले असतील तर आणखी एक गोम आहे: ए मधून बी कडे जाणारा जोड फिल्टरच्या आधी आहे की नंतर, हे मशीनगणिक बदलते. नंतर असेल तर ए लो पासवर ठेवताच बी वरच्या टॉपलाही फक्त बेसच मिळतो. ब्रिजमध्ये (दोन्ही चॅनल जोडून एक केले तर) फक्त ए चा इनपुट आणि ए चाच फिल्टर धरावा.

फुल म्हणजे मोकळे रान नव्हे. पोर्ट (हवेचे भोक) असलेल्या १८ इंची बेस बॉक्सला खालूनही कुंपण लागते. पोर्टच्या ट्यूनिंगखाली बॉक्समधली हवा कोनला (स्पीकरच्या पडद्याला) आवरत नाही, आवाज वाढत नाही आणि कोन मात्र सैरभैर हलतो. माइक पडला की होणारा ‘धप्प’ आवाज कॉइल उचलून आपटतो. म्हणून बेसला ३५ ते ४० हर्ट्झचा हाय पास हवाच.

हॉर्नच्या ड्रायव्हरचे (वरचे सूर काढणाऱ्या भागाचे) हाल याहून वाईट. तेवढाच आवाज एक ऑक्टेव्ह खाली काढायचा तर डायफ्रामला (त्यातल्या पातळ पडद्याला) चौपट हलावे लागते. १ इंची तोंडाचा ड्रायव्हर १.६ ते २ किलोहर्ट्झच्या खाली आणि मोठ्या कॉइलचा १.४ किंवा २ इंची ड्रायव्हर साधारण १.२ च्या खाली उतरवू नये. कंपनीच्या कागदावर याहून वरचा आकडा असेल तर तोच पाळा. डायफ्राम गेल्यावर तो फेकण्याआधी उजेडात धरून पाहा. कॉइल काळी पडून वास येत असेल तर पॉवर जास्त गेली किंवा मशीन क्लिप झाले (ताकदीपलीकडे जाऊन आवाज फाटला). कॉइल स्वच्छ असून टायटॅनियमच्या कडेला बारीक चीर असेल तर क्रॉसओव्हर खाली लागला होता. दुसऱ्या कारणासाठी मशीन बदलणे म्हणजे पाय दुखतो म्हणून चष्मा बदलणे.

ड्रायव्हरला स्वतंत्र मशीन असले, तरी त्याच्या तारेत एक नॉन-पोलर फिल्म कॅपॅसिटर मालिकेत टाकावा. ८ ओहमला २५ मायक्रोफॅरड, १६ ओहमला १२. दोन्हींचा काप ८०० हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे क्रॉसओव्हरच्या पुरेसा खाली. घाईत कुणी बेसची तार हॉर्नला लावली किंवा मशीन चालू होताना ठोका दिला, तर तो झेलतो. साधा इलेक्ट्रोलिटिक इथे लावू नये, फुटतो.

आता मशीनमध्ये बसवलेल्या क्रॉसओव्हरच्या मॉड्यूलबद्दल. जुन्या मशीनमध्ये आणि स्थानिक बनावटीच्या मशीनमध्ये क्रॉसओव्हर म्हणजे इनपुटला टोचलेली हातभर तारांची छोटी पट्टी असते. तिची वारंवारता ठरवतात रेझिस्टर आणि कॅपॅसिटर. ०.१ मायक्रोफॅरडला १६ किलोओहम लावले की काप १०० हर्ट्झवर येतो, २० लावले की ८० वर, १३ लावले की १२० च्या आसपास. पट्टीवरचे मूळ आकडे वेगळे असले तरी प्रमाण तेच: रेझिस्टर सव्वापट केला की काप १०० वरून ८० वर. मात्र २४ डीबीच्या एका फिल्टरमध्ये असे चार रेझिस्टर असतात. चारही एकदम बदलायचे, आणि दोन चॅनल असतील तर आठ. दोनच बदलून सोडले की उतार वाकडा होतो आणि मग दोष स्पीकरवर जातो. गेन ठरवणाऱ्या रेझिस्टरला हात लावू नये. रेझिस्टर १ टक्क्याचे मेटल फिल्म, कॅपॅसिटर पॉलिस्टरचे घ्यावेत. स्वस्त सिरॅमिक चकत्या उन्हात बदलतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना रॅकच्या आत काय होत असेल, ते सांगायला नको. ४५५८ ही साधी आयसी काढून महाग आयसी बसवल्याने कापाची जागा हलत नाही. त्यावर पैसे घालवणारे पुष्कळ आहेत.

फिल्टर जागेवर आल्यावर बेस आणि टॉप एकमेकांना धरून आहेत का, हे पाहायला १०० हर्ट्झचा सूर हळू आवाजात दोघांवर सोडा आणि १०-१५ मीटरवर उभे राहा. बेसची पोलॅरिटी (अधिक-उणे तारा) उलटी करून पाहा. ज्या बाजूला सूर मोठा, ती बरोबर.

लिमिटरही (ठरावीक व्होल्टच्या वर जाऊ न देणारे साधन) लागेलच. ८ ओहमच्या ७५ वॅट ड्रायव्हरला मशीनमधून २४ व्होल्टपेक्षा जास्त जाऊ देऊ नये. साधा मीटर वरच्या सुरांवर खोटे बोलतो, म्हणून ड्रायव्हर काढून, तेवढ्यापुरता फिल्टर बंद करून १०० हर्ट्झवर लिमिटर बसवावा. फिल्टर पुन्हा चालू केल्याशिवाय ड्रायव्हर जोडू नये, नाहीतर लिमिटर बसवतानाच डायफ्राम जाईल.

नाटकासाठी याच्याही आधीची एक गोष्ट मिक्सरवर आहे. प्रत्येक माइकचा लो कट दाबलेला हवा. त्याने ८० ते १०० हर्ट्झखालचे पावलांचे धबधब आणि वारा कापला जातो, संवाद कळायला लागणारे काही जात नाही. बेस बिन मुख्य आउटवर न लावता ऑक्झिलरीवर (मिक्सरच्या वेगळ्या आउटवर) लावा आणि त्यात फक्त की-बोर्ड, ऑक्टोपॅड आणि ढोलकी सोडा. मग गाणे दणदणीत लागते आणि नटाचा शब्द बेसच्या वाटेला जातच नाही.

मंडळांना विनंती एवढीच, की बयान्याच्या कागदावर बेसच्या आकड्याखाली एक ओळ वाढवावी: पडदा उघडण्याआधी अर्धा तास जोडणी तयार असावी. तेवढ्या वेळात एकाने रंगमंचावरून नाटकातले एक पान वाचावे, दुसऱ्याने कनातीला टेकून शेवटच्या रांगेत उभे राहावे. सुरुवातीला बेस पूर्ण बंद ठेवावा, मग हळूहळू उघडावा, आणि मागच्या माणसाने हात वर केला की तिथेच थांबावे.

आपले,
ध्वनिव्यवस्था आणि मशीन दुरुस्तीचे काम करणारे काही कारागीर,
देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली