जुन्या गाडीच्या तक्रारीत पाठीशी उभे राहिलेल्या काकांना

सोलापूर

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही लिहायचे नाही, असे आपण मला बजावले होते आणि तो शब्द मी पाळते आहे. मात्र आभार मानायचेच नाहीत, असे वचन मी दिलेले नाही. न्यायालयातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर आपण जुळे सोलापुरातल्या आपल्या घराच्या ओसरीवर बसून, एक रुपया न घेता, माझ्यासारख्या अनेकांची कागदपत्रे वाचत असता. माझी फाईल आपण सात वेळा वाचली. हे पत्र मी सर्वांसमोर लिहिते आहे, कारण आपण मला सांगितलेल्या गोष्टी जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाच्या आहेत.

2024 च्या दसऱ्याला मी शहरातल्या एका विक्रेत्याकडून एमएच 12 पासिंगची डिझेल गाडी 3,85,000 रुपयांना घेतली. आईला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावे लागते आणि घरी शिवलेले शाळेचे गणवेश नवी पेठेतल्या दुकानांत पोहोचवावे लागतात, त्यासाठी ती हवी होती. जाहिरातीत ‘सिंगल ओनर, फक्त 42 हजार किलोमीटर’ असे लिहिले होते, मीटरही 42,600 दाखवत होता आणि विक्रेत्याने व्हॉट्सअॅपवर तोच आकडा लिहून पाठवला होता. डिसेंबरमध्ये क्लच घसरू लागला म्हणून मी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. तिथल्या मुलाने चासी नंबर संगणकात टाकला, थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “ताई, ही गाडी 2023 च्या मार्चमध्येच 1 लाख 18 हजार किलोमीटर चाललेली आहे.” कित्येक इंजिनांत टायमिंग बेल्ट ठरावीक किलोमीटरनंतर बदलावाच लागतो, आणि तो धावत्या गाडीत तुटला तर इंजिन आतून मोडते, हेही त्यानेच सांगितले. त्या गाडीत आईला बसवून मी दोन महिने फिरत होते, हा विचार अजूनही माझ्या मनातून जात नाही.

आपल्याकडे आले तेव्हा मी संतापलेली होते आणि हातात चार पानी तक्रार होती. विक्रेत्याने मीटर कसा फिरवला असेल, कोणाकडून फिरवून घेतला असेल, त्याने आणखी किती लोकांना फसवले असेल, हेच सगळे तीत होते. आपण ती शांतपणे वाचली, पहिली तीन पाने बाजूला ठेवली आणि मला एकच प्रश्न विचारला: “यातले तुम्ही स्वतः काय पाहिले?” मी स्वतः पाहिलेले असे त्यात फारच थोडे होते. मग आपण म्हणालात की मीटर कोणी फिरवला हे सिद्ध करण्याचे ओझे स्वतःच्या डोक्यावर घेऊ नका. त्याने तुम्हाला कोणता आकडा सांगितला आणि खरा आकडा कोणता होता, एवढे दोनच कागद ग्राहक आयोगासमोर शेजारी शेजारी ठेवा. माझ्या मते साऱ्या प्रकरणाची दिशा ठरली ती या एका वाक्याने.

त्यामागचा कायदा आपण मला जसा समजावला तसा इथे मांडते. करार कायदा, 1872 याच्या कलम 17 मधील कपट सिद्ध करायचे तर समोरच्याला खोटेपणाची जाणीव होती, हे दाखवावे लागते. कलम 18 मधील चुकीच्या निवेदनाला मात्र तेवढी अट नाही. सांगणाऱ्याला ते खरे वाटत असले तरी विधान चुकीचे ठरू शकते. दोन्हींत कलम 19 प्रमाणे फसलेल्या पक्षाला करार रद्द करता येतो, मात्र साध्या चौकशीने सत्य कळले असते असा बचाव चुकीच्या निवेदनाच्या बाबतीत समोरचा घेऊ शकतो, म्हणून ‘मी जाहिरात, मीटर आणि लेखी उत्तर या तिन्हींवर विसंबले’ हे स्पष्ट लिहायला आपण सांगितले. फौजदारी बाजूने भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार होऊ शकते आणि त्या कलमात सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. पण तिथे सुरुवातीपासूनचा अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो, तपास आपल्या हाती नसतो आणि पैसे परत मिळवून देणे हे त्या खटल्याचे मुख्य काम नसते. पोलीस ठाण्यात अर्ज जरूर द्या, पण त्याच्या भरवशावर बसू नका, हा आपला सल्ला होता. ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम 100 हे उपाय इतर कायद्यांच्या जोडीला आहेत असे सांगते, म्हणून एक दार ठोठावले की दुसरे बंद होते ही माझी भीती निराधार होती.

खरा वेळ गेला तो पुरावे गोळा करण्यात. सर्व्हिस सेंटरने तोंडी सांगितलेला आकडा मला लेखी हवा होता आणि आधीच्या मालकाच्या काळातली बिले ते मला देईनात. तेव्हा आपण सुचवले की आरसी पुस्तकावर आधीच्या मालकाचे नाव आहे, त्यांना साधे, नम्र पत्र लिहा. मी लिहिले. त्या सद्गृहस्थांनी आठवड्याच्या आत मार्च 2023 चे 1,18,340 किलोमीटरची नोंद असलेले बिल पाठवले आणि पुढे प्रतिज्ञापत्रही करून दिले. ग्राहक आयोगासमोर पुरावा मुख्यतः प्रतिज्ञापत्रे आणि कागदपत्रे यांवरच घेतला जातो, त्यामुळे त्यांचा तो एक कागद फार मोलाचा ठरला. त्यांचेही आभार मी इथेच मानते. व्हॉट्सअॅपवरचे संभाषण मी चुकून पुसून टाकण्याच्या बेतात होते, कारण ते पाहिले की चीड यायची. आपण ते जपायला लावले, जाहिरातीचे छायाचित्र तारखेसह छापून घ्यायला लावले आणि अशा इलेक्ट्रॉनिक नोंदींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे, ती नोंद कशी तयार झाली हे सांगणारे प्रमाणपत्र जोडायला लावले. मीटर उघडू नका, क्लच बदलू नका, आहे त्या स्थितीत फोटो काढून ठेवा, ही सूचनाही आपलीच.

विक्रेत्याने दोन बचाव घेतले आणि दोन्ही आपण आधीच ओळखले होते. पहिला असा की आम्ही केवळ मध्यस्थ आहोत, गाडी पुण्याच्या मालकाची होती. त्यावर पावती त्याच्या लेटरहेडवरची आहे, पैसे त्याच्या खात्यात गेले आहेत आणि जाहिरात त्याच्या नावाची आहे, हे तीन कागद पुरेसे होते. शिवाय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन 1 एप्रिल 2023 पासून नोंदणीकृत जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या विक्रेत्याला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावे लागते, मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद करावी लागते आणि त्याच्याकडे असलेल्या गाडीच्या फेऱ्यांची इलेक्ट्रॉनिक नोंदवही त्याने ठेवायची असते. ते अधिकारपत्र आणि ती नोंदवही दाखवावी, अशी मागणी आपण नोटिशीत घालायला सांगितली. दोन्ही शेवटपर्यंत आली नाहीत.

दुसरा बचाव असा की मी ‘गाडी पाहून, तपासून, समाधानाने घेतली, नंतर तक्रार चालणार नाही’ या छापील ओळीखाली सही केली होती. या ओळीने मी खचले होते. अशी ओळ डोळ्यांना दिसणाऱ्या ओरखड्यांपुरती कामाची असेल, पण लेखी सांगितलेला खोटा आकडा ती खरा करत नाही, हे आपण ठामपणे सांगितले. अन्याय्य करार म्हणून ती अट रद्द करून मागायची असेल तर राज्य आयोगाकडे जावे लागते, म्हणून जिल्हा आयोगात ती मागणी न करता अनुचित व्यापारी प्रथा आणि सदोष वस्तू यांवरच थांबा, हा आपला बारकावा माझ्या एकटीच्या लक्षात कधीच आला नसता.

गणवेशांच्या बाबतीतला आपला आग्रह मला तेव्हा पटला नव्हता. गाडीतून माल नेते हे लिहिले तर ‘व्यावसायिक हेतू’ म्हणून मी ग्राहकच नाही असे विक्रेता म्हणेल, या भीतीने मी ते लपवणार होते. आपण थोडे रागावलात. स्वतःच्या रोजगारातून केवळ उदरनिर्वाहासाठी वापरलेली वस्तू कायद्याने व्यावसायिक हेतूत धरली जात नाही, आणि खोट्या आकड्याविरुद्धची तक्रार स्वतः काही लपवून करायची नाही, असे आपण म्हणालात. त्या दिवशी घरी जाऊन मी तो परिच्छेद पुन्हा लिहिला: दोन शिलाई मशीन, एकही नोकर नाही, आठवड्यातून एकदा दुकानांची फेरी.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर नोंद केली, स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली आणि पंधरा दिवस वाट पाहिली. मग फेब्रुवारी 2025 मध्ये ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी पोर्टलवरून तक्रार दाखल केली. दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क लागले नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, हे ज्यांना अजून ठाऊक नाही त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते.

मध्यस्थीचा प्रस्ताव आला तेव्हा मी नको म्हणणार होते. मला निकाल हवा होता, त्यात त्याचा खोटेपणा लिहिलेला हवा होता. आपण त्यावर काहीच बोलला नाहीत. फक्त दोन बाजूंचा हिशोब कागदावर मांडून दिला. एकीकडे निकाल, त्यावर राज्य आयोगात अपील, त्यासाठी लागणारा वेळ आणि तोवर दारात उभी असलेली, रोज किंमत घसरणारी गाडी. दुसरीकडे तडजोड, जी आयोगाच्या आदेशात नोंदली जाते आणि न पाळल्यास आदेशाप्रमाणेच अमलात आणता येते. निर्णय माझा मलाच घेऊ दिलात. विक्रेत्याने गाडी परत घेऊन दोन हप्त्यांत 3,60,000 रुपये द्यायचे ठरले. वापरापोटी 25,000 कापले गेले. ते पंचवीस हजार मला आजही सलतात, हे आपल्याला खोटे सांगणार नाही. तरी आईच्या उपचाराचा खर्च समोर असताना तो निर्णय योग्यच होता, असे मी मानते.

शेवटच्या दिवशी आपण स्वतः उन्हात सोबत आलात, ते माझ्याच्याने विसरणे शक्य नाही. पहिला हप्ता हातात आल्यावर मी आनंदाने गाडीची किल्ली देऊन टाकली असती. आपण थांबवले. नावावर गाडी राहिली आणि उद्या अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येऊ शकते, म्हणून दुसरा हप्ता जमा झाल्याचा बँकेचा संदेश येईपर्यंत किल्ली द्यायची नाही, मालकी हस्तांतराच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही करायची नाही, आणि सही झाली की चौदा दिवसांच्या आत हस्तांतराची खबर आरटीओला स्वतः द्यायची, हे आपण तडजोडीच्या अटींतच लिहवून घेतले होते. आता ती गाडी माझ्या नावावर नाही.

मोहोळच्या ज्या गृहस्थांना अशाच प्रकरणात माझी फाईल पाहायची आहे, त्यांच्यासाठी आपण मागितलेली पूर्ण झेरॉक्स मंगळवारी ओसरीवर आणून देते. पान 14 वरचे सर्व्हिसचे बिल झेरॉक्समध्ये फिकट आले आहे आणि किलोमीटरचा आकडा नीट वाचता येत नाही, म्हणून मूळ बिलाचा स्पष्ट फोटो वेगळा छापून त्याच पानाला टाचला आहे.

आपली कृतज्ञ,
गणवेश शिवणारी आपली एक पक्षकार