विनीने ते पाणी प्यायला हवं होतं का

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं ते पुस्तक काल रात्री संपवलं. 'टक एव्हरलास्टिंग', नॅटली बॅबिट यांचं, 1975 सालचं. रानातल्या झऱ्याचं पाणी पिऊन अमर झालेलं, वय तिथेच थांबलेलं ते टक कुटुंब, आणि त्यांना भेटलेली दहा वर्षांची विनी. तू म्हणाली होतीस की लहान मुलांचं आहे बाबा, दोन बैठकीत होईल. झालं पण तसंच, फक्त शेवटची काही पानं वाचताना चष्मा काढून ठेवावा लागला. आई विचारत होती काय झालं, मी म्हटलं काही नाही, झोप तू.

तू विनीवर चिडली होतीस ते लक्षात आहे. बाटली तिच्या हातात होती, टकांच्या धाकट्या मुलाने, कायम सतरा वर्षांच्या जेसीने, सांगून ठेवलं होतं की सतरा वर्षांची झालीस की पी आणि मग मला येऊन भेट, आणि तिने ते पाणी खुशाल एका बेडकावर ओतलं, त्याला कुत्र्यापासून वाचवायला. आणि मग तू जरा थांबून म्हणालीस की आपल्याकडे असं पाणी असतं तर मी आजीला दिलं असतं. तेव्हा मला काही बोलता आलं नाही, म्हणून आता लिहितोय.

कधी दिलं असतंस गं? ते पाणी वय मागे नेत नाही, आहे तिथे थांबवतं. शेवटच्या वर्षी दिलं असतंस तर आजी कायम त्या खाटेवर, ते गुडघे, रात्रीचं ते कण्हणं, आणि सुटका कधीच नाही. मग मी मागे मागे जात बसलो की नक्की कोणत्या वर्षी आपण सगळ्यांनी मिळून प्यायलो असतो तर बरं झालं असतं. ठाण्याला नौपाड्याच्या घरात होतो ते दिवस घेतले. आजी तेव्हा स्वतः जांभळी नाक्यावरून दोन हातात दोन पिशव्या भाजी घेऊन यायची, जिना चढून, कुणाला हात लावू द्यायची नाही. तू तिसरीत. रविवारी गडकरी रंगायतनला बालनाट्य, मग तलावपाळीला बोट, मग कोपिनेश्वरला नमस्कार करून घरी. एकदम मस्त दिवस होते. पण मग तू तिसरीतच राहिली असतीस सोनू. पुढचा पडलेला दात कधी आला नसता, दहावीला रात्रभर जागून केलेला अभ्यास नाही, पहिल्या पगारात आजीला घेतलेली ती साडी नाही, आत्ता बंगलोरहून फोन करून पुस्तकावरून माझ्याशी तावातावाने भांडणारी तू नाहीस. मला हे चाललंच नसतं.

म्हणूनच मला सगळ्यात जास्त लागला तो जेसीचा मोठा भाऊ माइल्स. तुम्ही पोरं जेसीबद्दल बोलता, तो देखणा आहे, सतत हसतो, ठीक आहे. माइल्स बावीस वर्षांचा असताना ते पाणी प्यायला. पुढे चाळिशी उलटली तरी तो होता तसाच, बायकोला वाटलं याने सैतानाला आत्मा विकलाय आणि ती मुलांना घेऊन निघून गेली. विनी त्याला विचारते की मुलांनाही झऱ्यावर का नाही नेलंस. तो म्हणतो की तोपर्यंत मुलं जवळजवळ मोठी झाली होती, बाप आणि मुलं एकाच वयाची दिसली असती. बस, एवढंच बोलतो आणि पुन्हा मासे धरायला लागतो. मी ते पान तीनदा वाचलं. आपली मुलं आपल्याहून म्हातारी होऊन जाणार आणि आपण तसेच धडधाकट उभे राहणार, ह्याच्यापेक्षा वाईट शिक्षा बापाला काय देणार कोणी?

आपल्याकडे हे फार आधीच कळलेलं होतं असं वाटतं. अश्वत्थाम्याला अमरपण मिळालं ते शाप म्हणून, तीन हजार वर्षं भटकायचं, आजी तर सांगायची की तो अजून जखमेला तेल मागत फिरतो. आणि ययाती! त्याने स्वतःच्या मुलांकडे तारुण्य मागितलं, बाकीच्यांनी नाही म्हटलं, धाकट्या पूरूने दिलं. लहानपणी मला पूरूचं कौतुक वाटायचं. आता ययातीचा राग येतो, पोराच्या डोळ्यात बघून मागवलं कसं त्याला.

अजून एक, जे बहुतेक तुझ्या नजरेतून सुटलं. माइल्स आणि जेसी आईवडिलांकडे दर दहा वर्षांनी येतात, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. दहा वर्षांनी! आणि ती माय बिचारी उद्या पोरं येणार म्हणून खुश असते. कुणालाच घाई नाही ना, वेळ कधी संपणारच नाहीये. तू शुक्रवारी रात्री बसमध्ये बसतेस, दुसऱ्या दिवशी झोपाळलेली घरी येतेस, आणि रविवारी संध्याकाळी पुन्हा निघतेस, हे सगळं तू करतेस कारण आपल्या सगळ्यांना माहितेय की आपल्याकडे मोजकेच दिवस आहेत. आजीलाही माहीत होतं. म्हणून तर तू निघताना ती खिडकीतून हलायची नाही.

शेवटी म्हातारा टक, त्या पोरांचा बाप, 1950 मध्ये त्या गावात परत येतो, झरा गेलेला असतो, आणि त्याला विनीच्या थडग्यावरचा दगड सापडतो. प्रेमळ पत्नी, प्रेमळ आई, 1870 ते 1948. तुला ते वाचून रडू आलं कारण ती गेली. मला आलं कारण तिने संसार केला, तिला मुलं झाली, आणि त्या मुलांनी तो दगड लावला. टकलाही बरंच वाटतं बघ, तो तिला शाबासकी देतो.

तरी तुझं म्हणणं मी पुरतं खोडत नाहीये. आजीची आठवण मलाही येते, पोळ्या खाताना तर फारच, आणि तेव्हा कोणी बाटली पुढे केली असती तर मी इतका शहाण्यासारखा विचार केला असता का, सांगता येत नाही.

पुस्तक आता आईने घेतलंय. ती अजून पिवळ्या सूटवाल्या माणसापाशीच आहे आणि त्याच्यावर भयंकर भडकलीय, त्यामुळे फोन करशील तेव्हा तिला शेवट अजिबात सांगू नकोस. गणपतीला सुट्टी टाकलीस का ते कळव, तिकिटं संपतात.

बाबा