खाटेवरून दिसणारे रुग्णालय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या रुग्णालयांच्या जागी नव्या इमारती उभारण्याची चर्चा निघते तेव्हा मजले किती, खाटा किती आणि खर्च किती कोटींचा, एवढीच विचारपूस होते. त्या खाटेवर दिवसचे दिवस उताणे पडून राहणाऱ्या माणसाला काय दिसेल आणि काय ऐकू येईल, हे कोणी विचारत नाही. परिचारिका म्हणून आयुष्य वॉर्डात काढल्यावर मला हा प्रश्न सर्वांत आधी विचारण्याजोगा वाटतो. नव्वद वर्षांपूर्वी तो मनापासून विचारला गेला होता, फिनलंडमधील पायमिओ येथील क्षयरोग आरोग्यधाम बांधताना. माझी मुलगी वास्तुकला शिकत असताना तिच्या अभ्यासातून या इमारतीची ओळख झाली आणि तिचे तपशील वाचताना, हे लिहिणारा रात्रपाळी करून आला असावा, असे मला वाटत राहिले.

तुर्कू शहराजवळच्या पाइनच्या जंगलातील या आरोग्यधामासाठी त्या भागातील सुमारे पन्नास नगरपालिका व ग्रामपालिका एकत्र आल्या होत्या. १९२९ मध्ये स्पर्धा जिंकून हे काम आल्वार आल्टो या तिशीतल्या वास्तुविशारदाकडे आले आणि पत्नी आइनो हिच्या साथीने त्याने ते १९३३ मध्ये पूर्ण केले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन आले ते त्यानंतर दहा वर्षांनी. विश्रांती, सकस अन्न, ऊन आणि मोकळी हवा हाच उपचार असल्यामुळे इमारतीलाच उपचाराचे साधन व्हावे लागले. रुग्णांच्या खोल्यांची लांब, अरुंद सहामजली बाजू उन्हाकडे तोंड करून उभी आहे आणि तिच्या टोकाला काँक्रीटचे खुले सज्जे आहेत, जेथे रुग्णांना कडाक्याच्या थंडीतही पांघरुणांत गुंडाळून झोपवत असत. स्वयंपाकघर, भोजनगृह आणि कर्मचाऱ्यांची घरे यांना वेगवेगळ्या बाजू दिल्या आहेत.

परंतु इमारतीच्या बाह्य रूपापेक्षा मला तिच्या खोल्यांविषयी अधिक लिहावेसे वाटते. उभ्या माणसासाठी केलेली खोली आडव्या माणसाला जाचक ठरते, हे ओळखून आल्टोने छताला शांत, गडद हिरवट रंग दिला, दिवा रुग्णाच्या नजरेआड बसवला आणि छतातून येणारी ऊब डोक्याकडे न येता पायांकडे जाईल अशी योजना केली. खिडक्या अशा केल्या की थंड वारा थेट अंगावर न येता दोन तावदानांमधून तिरका फिरून, थोडा उबदार होऊन आत यावा. एका खोलीत दोन रुग्ण आणि प्रत्येकाला हात धुण्याचे स्वतंत्र भांडे. त्याचा उतार असा की पाण्याची धार आवाज न करता घसरावी आणि शेजाऱ्याची झोपमोड होऊ नये. कपाटे भिंतीला टांगलेली, म्हणजे खालची फरशी सहज पुसता येते. दारांच्या मुठी अशा वळवलेल्या की डॉक्टरांच्या कोटाची बाही अडकू नये. हातात ट्रे घेऊन कोपराने दार ढकलणाऱ्या कोणत्याही सिस्टरला या एका मुठीचे मोल कळेल! बर्चच्या प्लायवूडला बाक देऊन केलेली तेथील खुर्ची आज जगभरच्या संग्रहालयांत आहे. तिच्या पाठीचा कलही रुग्णाला श्वास घेणे सोपे जावे यासाठीच ठरवलेला होता.

काही वर्षांपूर्वी माझी आई एका नव्या, चकचकीत रुग्णालयात अठरा दिवस होती. डोळ्यांवर सरळ येणाऱ्या ट्यूबलाइटमुळे ती चेहऱ्यावर पदर ओढून पडून राही आणि रात्री बेसिनमध्ये पाणी सोडले की संपूर्ण खोली दचकून जागी होई. तेथील उपचारांना मी नावे ठेवणार नाही. पण त्या इमारतीचा नकाशा मंजूर करणाऱ्यांपैकी कोणी त्या खाटेवर एकदा तरी पाठ टेकली असेल, असे मला वाटत नाही.

औषधे आल्यावर क्षयाचे रुग्ण घटले आणि पायमिओची इमारत पुढे सर्वसाधारण रुग्णालय झाली. सज्जे बंदिस्त करावे लागले, आतही बदल झाले. तरीही जतनाचा रीतसर आराखडा करून ती राखली गेली. आपल्याकडे मिरज, पाचगणी या गावांची ओळखच कोरड्या, स्वच्छ हवेतील आरोग्यधामांनी घडवली. क्षयरोग आपल्याकडून गेलेला नाही. जगातील सुमारे चतुर्थांश क्षयरुग्ण आजही भारतात आहेत आणि समोरासमोरच्या खिडक्यांतून वाहणाऱ्या वाऱ्याची गरज आपल्या वॉर्डांना तितकीच आहे. जुन्या इमारती पाडण्यापूर्वी त्यांतील उंच छते, रुंद व्हरांडे आणि खिडक्यांच्या जागा यांची नीट मोजमापे घेऊन ती नव्या नकाशाबरोबर ठेवावीत. नव्या रुग्णालयाची एक नमुना खोली आधी बांधून वास्तुविशारद, अभियंता आणि मंजुरी देणारे अधिकारी यांनी तिच्यात प्रत्येकी एक रात्र खाटेवर झोपून काढावी आणि त्यानंतरच नकाशावर सही करावी, अशी माझी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज