वर्गणी मागतोय, पण यावेळी गणपतीची नाही

नमस्कार मंडळी,

कॅनडातल्या ओटावा-गॅटिनो भागातल्या आपल्या मराठी ग्रुपतर्फे हे लिहितोय. ही वर्गणी आहे इथल्या मूळच्या अल्गोंक्विन लोकांसाठी, त्यांच्या एका रखडलेल्या केंद्रासाठी. जरा मोठं झालंय, चहा घेऊन बसा.

आपल्या प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला, गणपती असो नाहीतर दिवाळी, स्टेजवर जाऊन कोणीतरी ते एक वाक्य वाचतं, की आपण अल्गोंक्विन अनिशिनाबे लोकांच्या, त्यांनी कधीही कोणाला न दिलेल्या जमिनीवर जमलोय. मागच्या वेळी ते वाचायची पाळी माझी होती आणि खरं सांगतो, मी ते घाईघाईत उरकलं कारण मागे ढोलवाले खोळंबले होते. खाली उतरल्यावर आपल्यातल्याच एका काकूंनी विचारलं, "अरे पण मग ते लोक आहेत कुठे?" मला धड सांगता येईना. तिथून हे सगळं सुरू झालं.

तर ते आहेत, इथेच आहेत. बरेचसे क्यूबेकच्या बाजूला, सगळ्यात जवळची त्यांची वस्ती म्हणजे मनिवाकी गावाशेजारचं किटिगन झिबी, इथून साधारण १३० किलोमीटर, आणि ओंटारियोत गोल्डन लेकजवळ पिक्वाकनागन. ही सगळी नदी, जिला आपण ओटावा रिव्हर म्हणतो, ती त्यांची किची झिबी, म्हणजे मोठी नदी. १८५७ मध्ये व्हिक्टोरिया राणीने ओटावाला राजधानी म्हणून निवडलं, तेव्हा या जमिनीचा करार त्यांच्याशी झालेला नव्हता. डिसेंबर २०१६ मध्ये किटिगन झिबीने थेट पार्लमेंट हिल आणि त्याच्या पश्चिमेच्या लेब्रेटन फ्लॅट्स भागाच्या जमिनीवर कोर्टात हक्क सांगितला, तो काही उगाच नाही.

आता मुद्द्याचं. डाउनटाउनला लागूनच शोडिएर धबधबा आहे, त्यांच्या भाषेत अकिकोजिवान. १६१३ मध्ये शांप्लँ हा फ्रेंच प्रवासी इथून गेला तेव्हा त्याने लिहून ठेवलंय की हे लोक इथे थांबतात, लाकडी ताटात सगळ्यांकडून थोडीथोडी तंबाखू गोळा करतात, ताट मधे ठेवून नाचतात, भाषण होतं, आणि मग ती तंबाखू पाण्यात अर्पण करतात. म्हणजे आपण कार्तिकस्नानाला नदीत दिवा सोडतो तशी श्रद्धेची जागा. नंतर एकोणिसाव्या शतकात लाकडाचा धंदा आला, सॉ मिल आल्या, पेपर मिल आल्या, वीज काढायला लागले, मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धबधब्याला गोल बंधारा घातला. जागा कारखान्यांच्या कुंपणाआड गेली, आणि शंभरेक वर्षं तिथे जवळून बघायलाही कोणाला जाता येत नव्हतं. आता २०१७ पासून बघायला प्लॅटफॉर्म झालाय, पण तो बघण्यापुरता.

किटिगन झिबीचे एक मोठे वडीलधारे होऊन गेले, विल्यम कमांडा, १९१३ चा जन्म, २०११ मध्ये गेले. बर्चच्या सालीची होडी बांधण्यात हात धरणारं कोणी नव्हतं म्हणतात, १९५१ ते १९७० तिथले चीफ होते, आणि त्यांच्या लोकांचे जुने वॅम्पम पट्टे, म्हणजे शिंपल्यांच्या मण्यांचे, करार आणि इतिहास सांगणारे पट्टे, त्यांनी जपले. त्यांचं स्वप्न होतं असिनाबका. धबधबा मोकळा करायचा, शेजारची बेटं परत हिरवी करायची, आणि धबधब्याजवळच्या व्हिक्टोरिया बेटावर एक केंद्र उभं करायचं जिथे त्यांची मुलं भाषा शिकतील, वडीलधारे बसतील, आणि तुमच्याआमच्यासारखे बाहेरून आलेलेही येऊन बसू शकतील. आराखड्यासाठी वास्तुविशारद डग्लस कार्डिनल, तेच ज्यांनी गॅटिनोचं इतिहास म्युझियम केलंय, लाटांसारखं वळणदार. कमांडा आजोबांना २००६ मध्ये शहराची किल्ली मिळाली, २००८ मध्ये ऑर्डर ऑफ कॅनडा, २०२१ मध्ये नदीवरच्या जुन्या रेल्वे पुलाला त्यांचं नाव दिलं (आपण सगळे तिथे सायकल घेऊन जातो ना, तोच). मानसन्मान सगळा झाला, केंद्र मात्र अजून कागदावरच. बेटाची माती जुन्या कारखान्यांमुळे इतकी खराब झालेली की २०१८ मध्ये साफसफाईसाठी बेटच बंद केलं. शेजारच्या बेटांवर मात्र इमारती उभ्या राहिल्या.

हेही सांगून टाकतो की त्या इमारतींवरून अल्गोंक्विन लोकांमध्येच एकमत नव्हतं, काही समाज बिल्डरसोबत होते आणि बरेच चीफ विरोधात. आपण त्यात पडायचं नाही. आपल्या एका सोसायटीत चार गट असतात, तर त्यांच्यात असले तर बिघडलं कुठे.

एक गोष्ट वाचून मात्र मी बराच वेळ गप्प बसलो. इथला इंडियन ॲक्ट, १८७६ चा (नावाने आपण नवीन आलेले सगळेच एकदा गोंधळतो, तो आपल्याबद्दल नाही, इथल्या मूळ लोकांबद्दल आहे), त्यात १९२७ ते १९५१ असं कलम होतं की आपल्या जमिनीचा दावा लढायला आपल्याच लोकांकडून सरकारच्या लेखी परवानगीशिवाय वर्गणी गोळा करणं हा गुन्हा. वर्गणी! आपण पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरत मोठे झालेलो लोक, आपल्याला हे पटकन डोक्यात शिरायला हवं. कमांडा चीफ झाले त्याच वर्षी ते कलम गेलं.

म्हणून यावेळी पावतीपुस्तक आपण काढायचं ठरवलंय. १० डॉलर चालतील, ५० चालतील, एका रेस्टॉरंटच्या बिलाएवढे दिलेत तरी खूप. ई-ट्रान्सफर कुठे करायची ते ग्रुपवर पिन केलंय. आपला ग्रुप रजिस्टर्ड चॅरिटी नाहीये त्यामुळे आमच्याकडून टॅक्सची पावती मिळणार नाही, आधीच सांगतो, नंतर भांडू नका. पैसे आपण वापरणार नाही आणि कशाला वापरायचे तेही आपण ठरवणार नाही. आधी वडीलधाऱ्यांना भेटायचं, ते सांगतील तिकडे ते जातील. केंद्राला वेळ लागणार असेल आणि ते म्हणाले की आत्ता मुलांच्या भाषेच्या वर्गाला द्या, तर तिकडे. हिशोब दर महिन्याला ग्रुपवर टाकू.

पैशाशिवायही काम आहे. आपल्या खासदाराला पत्र लिहा, व्हिक्टोरिया बेटावरच्या केंद्राचं काय झालं एवढं विचारा, साधं एक पान. बेट केंद्र सरकारच्या संस्थेकडे आहे, त्यामुळे प्रश्न तिथेच पोचायला हवा. कोणी ग्रँटचे अर्ज लिहिलेत, अकाउंट्स बघता, गाडी घेऊन वडीलधाऱ्यांना ने-आण करू शकता, तर नाव द्या. फक्त कृपा करून समिती काढू नका, कारण आपल्यात समिती म्हटली की पहिला प्रश्न अध्यक्ष कोण. यात अध्यक्ष ते आहेत, आपण खुर्च्या मांडणारे.

आणि भेटायला जाताना रिकाम्या हाताने जायचं नसतं, थोडी तंबाखू कापडात बांधून द्यायची रीत आहे, आपण निमंत्रणाला सुपारी देतो तसंच समजा. मळायची नाही, हे आमच्या दोन मेंबरांसाठी.

पहिल्यांदा येत्या रविवारी सकाळी दहाला धबधब्याच्या प्लॅटफॉर्मवर नुसतं जमूया, मुलांनाही आणा. पार्किंगचा वैताग आहे, ओ-ट्रेनने पिमिसी स्टेशनला उतरा, तिथून चालत जाता येतं. पिमिसी म्हणजे त्यांच्या भाषेत ईल, आपला वाम असतो ना तसा मासा. पूर्वी या नदीत भरपूर होता, बंधाऱ्यांनी त्याची वाट अडवल्यावर जवळजवळ दिसेनासाच झाला. चहाचे थर्मास मी आणतो, कप ज्याने त्याने आणा.