तिशीतला नको, पासष्टीतला हप्ता छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला आरोग्य विम्याच्या खर्चावरचा लेख वाचला. काल दिवसभर गप्प बसलो, आज राहवलं नाही म्हणून लिहितोय. लेखात हिशेब कोणाचा दिलाय? नवरा बत्तीस, बायको तीस, एक मूल, दहा लाखांचं कव्हर, म्हणे दिवसाला फक्त पन्नास रुपये. त्या वयात दवाखान्याची पायरी चढतंय कोण? ज्या वयात विम्याची खरी गरज पडते, त्या वयाच्या हप्त्याबद्दल अख्ख्या लेखात एक ओळ नाही. ती मी लिहितो, आमच्याच घरातली.

मी 67 वर्षांचा, सौ. 63. मेडिक्लेम 2006 पासून, एकाही वर्षाचा खंड नाही. आता दोघांत मिळून पाच लाखांची पॉलिसी आहे. 2023 च्या नोव्हेंबरात हप्ता होता 35,200 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून 41,536. 2024 च्या नोव्हेंबरात नोटीस आली ती 45,900 ची, वर कर 8,262, एकूण 54,162. मूळ हप्ताच एका वर्षात तीस टक्क्यांहून जास्त वाढला. एजंटाला फोन केला. म्हणाला, "काका, तुम्ही पासष्ट ओलांडलीत ना, वयाचा गट बदलला." अठरा वर्षं न चुकता पैसे भरले, त्याचा कुठे विचारच नाही.

त्यानंतर अडीच महिन्यांत, 30 जानेवारी 2025 ला, आयआरडीएआयचा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, आदेश निघाला. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीनं आधी प्राधिकरणाशी बोलायचं. चांगला आदेश आहे, पण तोवर माझी वाढ होऊन गेली होती आणि ती तशीच राहिली. 2025 च्या नोव्हेंबरात हप्ता आला 50,490. मांडून बघा, बरोब्बर दहा टक्के वाढ. दर वर्षी अशीच दहा टक्क्यांनी वाढ होत गेली तर मी 74 चा होईन तेव्हा हप्ता 98 हजारांच्या वर गेलेला असेल. तो कुठून भरायचा, हे लेखकानं सांगावं.

जीएसटीचंही लेखात चुकलंय. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा कर शून्य झाला, हे खरं. पण त्यामुळे विमा '18 टक्क्यांनी स्वस्त' झाला, हे खरं नाही. आधी शंभरावर अठरा भरून 118 जायचे, आता 100 जातात. 118 मधून 18 कमी होणं म्हणजे सव्वापंधरा टक्के. मी सहकारी बँकेत आयुष्यभर व्याज काढलंय, एवढं तर मला कळतं. शिवाय माझ्या हाती तेही आलं नाही. 54,162 चे 50,490 झाले, म्हणजे 3,672 रुपये वाचले, जेमतेम पावणेसात टक्के. बाकीची सवलत वाढीनं खाल्ली. कर काढला त्याबद्दल सरकारचे आभारच मानतो. पण हा कर काढा असं पत्र खुद्द नितीन गडकरींनी अर्थमंत्र्यांना जुलै 2024 मध्ये लिहिलं होतं. निर्णयाला वर्षाहून जास्त लागलं आणि मधल्या नोव्हेंबरात माझे 8,262 गेले.

विम्याच्या हप्त्यावर आयकरात सवलत देणाऱ्या कलम 80डीचं कौतुकही तसंच. ज्येष्ठांना पन्नास हजारांपर्यंत वजावट मिळते, पण ती जुन्या करप्रणालीत, आणि मुळात कर भरण्याइतकं उत्पन्न असेल तर. मला ईपीएस-95 ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीकडची, पेन्शन मिळते महिना 2,840 रुपये, वर्षाचे झाले 34,080. म्हणजे वर्षभराची सगळी पेन्शन विम्यात घातली तरी 16,410 कमी पडतात. ते ठेवींच्या व्याजातून काढतो.

आता ज्याच्यासाठी पेन घेऊन बसलो ते.

ऑगस्ट 2024 मध्ये सौ.चं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं, पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात. आमच्या पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा आहे, विम्याच्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला 5,000. त्या भाड्याच्या खोल्या भरलेल्या होत्या, मिळाली ती 8,000 ची. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "वरचा फरक तुम्हाला भरावा लागेल." मी मनात गणित केलं. दिवसाला तीन हजार, चार दिवसांचे बारा हजार. तेवढे खिशात ठेवलेच होते.

डिस्चार्जच्या दिवशी सकाळी अकराला डॉक्टर म्हणाले, घरी जा. कंपनीची मंजुरी आली संध्याकाळी सातला. बिल 2,25,600 चं, मंजूर झाले 1,48,000. उरलेले 77,600 माझ्या खिशातून. मला वाटलं टायपिंगची चूक आहे. खिडकीशी उभं राहून, औषधांच्या पाकिटाच्या पाठीवर मी पुन्हा पुन्हा बेरीज केली. तेव्हा तिथल्या माणसानं समजावलं. खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली की नुसत्या खोलीचेच नाही, सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळ्यांचे पैसे त्याच प्रमाणात कापतात. आठातले पाच कंपनीचे, तीन आपले. खोलीखेरीज त्या खर्चांचे झाले होते 1,44,000, त्यातले 54,000 कापले. खोलीचे 12,000 होतेच. वर हातमोजे, मास्क, सिरिंज वगैरेचे 11,600, ते तर पॉलिसीत बसतच नाहीत. औषधांचे 38,000 तेवढे पूर्ण मिळाले.

सौ. बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पोटाला टाके, सकाळपासून चहावर. ती म्हणाली, "माझ्यामुळेच झालं हो, मी जनरलमध्ये राहिले असते." महोदय, त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. तिचा काय दोष? त्याच रुग्णालयात, तेच डॉक्टर, तेच ऑपरेशन. खोलीचा दर बदलला म्हणून भुलीच्या डॉक्टरांचे पैसे कापायचे, हे सामान्य माणसानं कसं ओळखायचं? पुढे कंपनीकडे तक्रार केली. उत्तरात कलमाचा नंबर आणि 'खेद आहे'. कलम होतंच, इंग्रजी पॉलिसीत, बारीक अक्षरांत.

इथे एक गोष्ट तुमच्या लेखकानं आवर्जून सांगायला हवी होती. पॉलिसीबरोबर कंपनीनं सोप्या भाषेतलं ग्राहक माहिती पत्रक द्यायचं असतं आणि ग्राहकानं मागितलं तर ते त्याच्या भाषेत द्यायचं असतं. 1 जानेवारी 2024 पासून लागू झालेला नियम आहे हा. त्या नोव्हेंबरात मी मराठीत मागितलं. आलं इंग्रजीत. पुन्हा मागितलं, तर एजंट म्हणाला ॲपवर बघा. ॲपवरही इंग्रजीच.

म्हणून विनंती आहे. पुढच्या लेखात साठ, पासष्ट, सत्तर अशा वयांचे हप्ते द्या. खोलीभाड्याची मर्यादा असेल तर बिलात किती कापलं जातं, हे उदाहरणानं द्या. ज्येष्ठांच्या कित्येक पॉलिसींत वीस टक्के को-पे असतो, दर क्लेममधला तेवढा वाटा आपण भरायचा असतो, तोही त्याच रकान्यात मांडा. सत्तरीनंतर केंद्राचं वय वंदना कार्ड आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं. मला अजून तीन वर्षं, सौ.ला सात. आमच्यासारखे जे मधे अडकलेत, त्यांनी या वर्षांत काय करावं, त्यावरही कोणा जाणकाराकडून लिहून घ्या.

ता. क. लेखातला तक्ता पिवळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत छापला होता. आम्ही दोघांनी भिंग लावून पाहिला तरी आकडे लागले नाहीत, शेवटी शेजारच्या मुलाकडून वाचून घेतला. तक्ते काळ्या शाईत छापावेत.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा
(कृपया नाव छापू नये.)